मदतनीस कोणाची?

सभेचे अध्यक्ष माननीय नगराध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले मुख्याधिकारी, आरोग्य विभागातील बंधू आणि संख्येने अधिक असूनही मागच्या रांगांत बसवलेल्या भगिनींनो, आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती गिरजाबाई,

आरंभीच माझे साध्य सांगतो. खारपेठ नगरपरिषदेत सत्तावीस वर्षे काम केलेल्या गिरजाबाईंनी या काळात एक दिवसही कोणाला मदत केलेली नाही, हे मला सिद्ध करायचे आहे. अध्यक्षमहोदय, दचकू नये. मी तर्कशास्त्र शिकून आस्थापना शाखेत लिपिक झालो. नोकरीत त्या शास्त्राला कोणी विचारले नाही. निवृत्तीनंतर ते असे बाहेर पडते.

आत्ताच वाचलेल्या मानपत्रात गिरजाबाईंना ‘नगरपरिषदेचा कणा’ म्हटले आहे. सेवापुस्तकात त्यांचे पदनाम ‘मदतनीस’ आहे. त्यांच्याच शेजारी तेच गटार उपसणारा पुरुष ‘सफाई कामगार’, आणि त्याची वेतनश्रेणी वरची. कणा हा शरीराचा मदतनीस असतो काय? मुख्याधिकारी हसले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मदतनीस हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. मामा व्हायला भाचा लागतो, तसा मदतनीस व्हायला मुख्य माणूस लागतो. गिरजाबाईंच्या प्रभागात तो काळुराम होता. २०११ साली त्याची पाणीपुरवठ्याकडे बदली झाली आणि जागा रिकामी राहिली, ती आजतागायत. तेव्हापासून मच्छीमार्केट आणि एसटी स्थानकामागचा नाला गिरजाबाई एकट्या सांभाळतात. मग या वर्षांत त्या मदत कोणाला करत होत्या?

(मागच्या रांगेतून गिरजाबाईंच्या सहकारी नूतनताई काही म्हणत आहेत. मोठ्याने म्हणा.)

“दाजी, रिकाम्या खुर्चीला! ती पन बसूनच व्हती!”

नोंद घेतली. प्रशासनाचे म्हणणेही यापेक्षा फार निराळे नव्हते.

गिरजाबाईंनी समान वेतनाचा पहिला अर्ज २०१३ साली दिला. काम समान आहे काय, हे पाहण्यासाठी समिती नेमली गेली. समितीने जीपमधून, काचा वर करून, पाहणी केली आणि निष्कर्ष काढला: पुरुष फावडे धरतात, स्त्रिया झाडू, सबब काम भिन्न. गिरजाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून फावडे धरले. आठवड्याभरात नोटीस निघाली, की पदनामाशी विसंगत साधन हाताळले. ती नोटीस घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“साहेब, झाडू धरला तर मदतनीस, फावडा धरला तर गुन्हेगार. मंग हातात धरू काय? तुमचा पेन देता?”

मी पेन दिला नाही. त्यांनी स्वतःचा आणला आणि कामगार न्यायालयात दाव्यावर सही केली.

येत्या मंगळवारी त्या दाव्याची सुनावणी आहे. ‘मदतनीस’ हा शब्द टिकला, तर गिरजाबाईंचे निवृत्तिवेतन त्याच शब्दावर कायमचे ठरेल आणि मागच्या रांगांतल्या सतरा जणी त्याच वेतनश्रेणीत राहतील. नगरपरिषदेच्या वकिलांकडे पुरावा एकच आहे: १९९८ च्या आस्थापना नोंदवहीतली पहिली, गिरजाबाईंची नोंद. बाकी सतरा जणींच्या पुढे ‘वरीलप्रमाणे’ लिहिले आहे. आमच्या शाखेत विचार करण्याचे श्रम त्या एका शब्दाने वाचत असत.

ती पहिली नोंद कशी झाली, हे दोनच माणसांना ठाऊक आहे. गेल्या रविवारी त्यातल्या एक, गिरजाबाई, निमंत्रण द्यायला खांब गावी माझ्या घरी आल्या. मी म्हणालो, छान भाषण करीन. त्या पायरीवरूनच म्हणाल्या, “भाषान नको, दाजी. लई ऐकली. त्या दिवशी मी काय बोलले आन् तुमी काय लिवलात, त्येचा कागुद आना.”

कागद आणला आहे. या सभेने मला बोलू दिले, त्याबद्दल आयोजकांचे आणि शाल घडी करून इतका वेळ बसून राहिलेल्या अध्यक्षांचे आभार मानतो. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर ते आपण पोटात घालावे. आता वाचतो ते मात्र कृपया पोटात घालू नये, दाव्याच्या नस्तीत घालावे.

“मी, दाजी सखाराम मरवडे, राहणार खांब, तत्कालीन आस्थापना लिपिक, कबूल करतो की रुजू होण्याच्या दिवशी मी गिरजाबाईंना आधीचे काम विचारले. त्या पेणच्या खाडीकाठच्या. मिठागरावर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मिठाच्या पाट्या वाहणारी बाईसुद्धा तिकडे ‘मी काम करते’ असे म्हणत नाही. त्या म्हणाल्या, ‘घरच्या मानसांना हातभार लावीत व्हते, हितं पन लावीन.’ ते त्यांचे बोलण्यातले सौजन्य होते. मी ते पदनाम समजून ‘मदतनीस’ असे लिहिले. कामाची चौकशी केली नाही. ही चूक माझी, एकट्याची आहे.

सही, दाजी सखाराम मरवडे.”