दारं काढून धरलेला बांध

मी यमुना, घोडबंदरच्या खाडीकडली, आगऱ्याची. आजा सांगायचा ते सांगते, मी काय बघाया न्हवते. आधी हितं नुसतं खाजन, भरतीला पानी, ओहोटीला चिखल, आन आमची मानसं मासं धरायची, मीठ करायची, रोजचं रोज खायची. मंग गोऱ्या सरकारनं सगली जमीन एका शेठला दिली, समुद्र अडव आन भात पिकव म्हनून. आता शेठ काय चिखलात उतरतोय? चिखल वाहिला आमच्या मानसांनी, बायांनीबी. बांध झाला, तीन-चार पावसांत खार धुतला, भात आलं. तिसरा हिस्सा शेठचा, का, तर बांध त्यो राखनार.

काय सांगू ताई तुमाला, भातानं मानसंच बदलली. आधी सगले सारखे. मंग ज्याची खाचरं बांधापासून लांब त्यो मोठा, बांधाला लागून त्यो लहान, कारन फुटला तर पयलं त्याचं जानार. पोरगी देतानाबी तेच बघायचे. माझ्या बापानं मातर बघितलं न्हाय, मला बांधाकडच्या घरात दिली, आये लय रडली.

तवा कसेल त्याची जमीन, असा कायदा आलेला, आन शेठच्या कारभाऱ्यानं बांधाकडं बघनं सोडलेलं. लगनाच्या दुसऱ्या साली, भादव्यातली अवस, भर दुपारी उधानाचं पानी आलं आन बांधाला खांड पडली. माझे मालक पलत कारभाऱ्याकडं गेले, तर त्यो म्हनला, जमीन आता तुमची न, मंग बांधबी तुमचाच. हे येऊन खाली बसले. सासू उठली, घराचं दार उचकटलं, मला म्हनली, धर त्या बाजूनं. वाटेत शेजारीन इचारते, काय ग, दार घेऊन कुठं? सासू म्हनली, तुझंबी काढ. अकरा दारं आली, त्यात लांबच्या खाचरांवाल्यांचंबी एक, नक्षीचं. बापय मानसं गल्याएवढ्या पान्यात दारं धरून उभी, आमी बाया मागनं चिखल टाकतोय, टाकतोय, ओहोटी लागेतवर. आमचं अर्धं भात खारटलं, पन गावाचं वाचलं.

पुढं बारा-तेरा सालं गावानंच बांध राखला. मंग पोरं नोकरीला लागली. सासू गेली त्याच्या पुढच्या पावसात बांध फुटला, कोनी अडवला न्हाय. मीबी गेले न्हाय, घरात बसून रायले.

आता तिकडं तिवरं हायत, थोड्या जमिनीवर बिल्डिंगी. मी नातवाकडं जेसल पार्कात, सातव्या माल्यावर. राग न्हाय कुनाचा. गुडघे तेवढे दुखतात. जेवून जा ताई, तुमचं बरं होवो, पोरंबालं हाताशी राहोत.