आईचा शालू, बाबांचे फोटो

यार, परवा आमच्या दहिसरच्या घरी काय झालं ऐक ना. बाबा दशावतारात बाईची कामं करायचे, तुला माहितीये. एका संग्रहालयातली मुलगी त्यांचे जुने फोटो, कात्रणं, प्रशस्तिपत्रकं न्यायला आलेली. एका फोटोत हिरव्या शालूतली देखणी बाई दिसली, तर तिने कोणाला न विचारता मागे लिहिलंसुद्धा, ‘कलाकाराची पत्नी’.

आई हसायलाच लागली. "मी नाय गो, ह्येच ते! शालू तेवढो माझो, लग्नातलो."

मुलीने जीभ चावली आणि लिहिलेलं खोडलं. "मग काकू, शालूतला तुमचा फोटो?"

"माझो खंयचो? लग्नात फोटो काढलोच नाय, मग शालू कायम ह्येंच्या ट्रंकेत."

बाबा उठले रे, ट्रंकेतून शालू काढला आणि स्वतः आईला नेसवायला लागले. गुडघे दुखतात, तरी खाली बसून एकेक निरी बोटांनी चापून बसवली.

"सोडा ओ, पोरगी बघता."

"हलू नको गो."

मुलीने मोबाईलवर फोटो काढला आणि विचारलं, "काका, ह्याच्याखाली काय लिहू?"

बाबा म्हणाले, "मघाशी खोडलंस ना, ताच लिव."