प्लॅस्टिकच्या गवताला पाणी

दवाखान्यात बाळाला थोपटत बसलेल्या एका बाईच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं. त्यांतल्या एकीच्या मांडीवर तिचा लहान मुलगा होता.

"तुझ्या सासूबाई गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या गवताला पाणी घालतात म्हणे? उगवायचंय की काय ते!"

"हस बाई, मीही हसले होते. उन्हात तापतं ते. छोट्याच्या पायांना चटका बसू नये म्हणून शिंपडतात. वर ब्रशने पाती उभी करतात."

"एवढा खटाटोप?"

"पायाच्या ऑपरेशननंतर हा फरशीवर आपटला, तेव्हापासून पाऊलच टाकेना. गवतावर पडला तरी खिदळतो. माझ्या आईनेही एवढं केलं नसतं गं."

"मग आता चालतो?"

"सासूबाईंनी बजावलंय, आज डॉक्टरांपुढे कडेवर न्यायचं नाही."

आतून हाक आली. छोटा आईच्या मांडीवरून उतरला. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि ती त्याच्या मागोमाग निघाली.