पाण्याची गोळी

वहिनी : ...म्हणून म्हणते, भावजी, आत्ताच आत जाऊ नका. तोंडावर मास्क आहे. तुम्ही दिसलात की तो काढून हे बोलायला लागतील.

टेलर : नाही, नाही. बसतो मी इथेच बाकावर. डॉक्टर काय म्हणाले?

वहिनी : बुचकळ्यात पडलेत. पाण्याची गोळी वाढवून दिली, लघवीवाटे पाणी उतरेल म्हणाले, तरी छातीत पाणी साठतंच आहे. गोळी लागू पडत नाही म्हणतात. उद्या सकाळी दुसरं काहीतरी जालीम औषध शिरेतून देणार. सोसलं तर सोसलं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि स्वतःचं हृदय असं मागे पडावं!

टेलर : उद्याच?

वहिनी : मी तरी कुठे कमी पडले? रोज सकाळी गोळी हातावर ठेवते, तोंडात टाकेपर्यंत समोरून हलत नाही. लग्नातसुद्धा ह्यांच्याकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

टेलर : वहिनी, ती गोळी... पोटात जात नव्हती.

वहिनी : म्हणजे?

टेलर : गालात धरायचा. दुकानात गेला की काढायचा. ते टेबलावरचं मोठं घड्याळ आहे ना, आतलं यंत्र काढलेलं? त्याच्या पोटात टाकायचा.

वहिनी : तरीच! पुसायला उचललं की खुळखुळायचं. मला वाटलं, दुरुस्तीला हात घातला एकदाचा. पण तुम्हाला कुणी सांगितलं हे?

टेलर : त्यानेच.

वहिनी : आणि तुम्ही गप्प बसलात?

टेलर : गप्प बसलो असतो तर फार बरं झालं असतं.

वहिनी : भावजी, नीट सांगा. शिवण उसवल्यासारखं तुकड्या-तुकड्याने बोलू नका.

टेलर : बागेत बाकावर मीच म्हणालो. पाण्याची गोळी वाईट. कापड धुऊन धुऊन विरतं, तसं माणसाचं मूत्रपिंड विरतं.

वहिनी : कुठे वाचलंत हे?

टेलर : कुठेच नाही. बसल्या बसल्या सुचलं.

वहिनी : आणि बाकावरच्या सगळ्यांनी गोळ्या सोडल्या?

टेलर : छे! पोस्टमास्तर म्हणाले, तू आपली टेप सांभाळ. कंडक्टरला ऐकूच येत नाही. माझं ऐकणारा तो एकटाच. शाळेपासून एकटाच.

वहिनी : काय वैर होतं हो तुमचं त्या गोळीशी?

टेलर : मी माझी सोडली होती. पाय सुजायला लागले, जो तो विचारायला लागला. काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

वहिनी : खरं द्यायचं.

टेलर : ते देण्यासारखं नव्हतं.

वहिनी : माझा माणूस आत नळ्या लावून पडलाय. नसेल देण्यासारखं, तरी द्या.

(टेलर समोरच्या भिंतीकडे बघतो. तिथे बघण्यासारखं काही नाही.)

टेलर : गिऱ्हाईक उभं होतं. पँटची उंची घ्यायला गुडघ्यावर बसलो. गोळी घेतलेली होती. उठता येईना... आणि थांबता थांबेना.

वहिनी : अगंबाई.

टेलर : फरशीवरून त्याच्या बुटापर्यंत गेलं. मी म्हणालो, इस्त्रीच्या पाण्याची बाटली सांडली. बाटली भरलेली, फळीवर उभी. त्याने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'होतं असं.' पँट शिवून तयार आहे. न्यायला आलेला नाही.

वहिनी : घरी?

टेलर : सुनेला काय सांगू? माझे कपडे मीच धुतले, जन्मात पहिल्यांदा. तिला वाटलं, मामंजी सुधारले. शेजारपाजारी कौतुक सांगत फिरली. ते ऐकून घेणं तर त्याहून वाईट.

वहिनी : लाज तुमची, आणि धाप ह्यांना.

टेलर : शिव्या द्या, वहिनी.

वहिनी : देईन, सवडीने देईन. आता डॉक्टर यायची वेळ झाली. गोळी पोटात जात नव्हती, हे मी त्यांना सांगते.

टेलर : आणि का, तेही?

वहिनी : त्यांना काय करायचंय? म्हातारा हट्टी आहे म्हणेन. लगेच पटेल.

टेलर : उपकार झाले.

वहिनी : उपकार कसले? डॉक्टरांना मी सांगते, ह्यांना तुम्ही सांगायचं. काल मास्क लावायच्या आधी नर्सला समजावत होते, कापड विरतं म्हणून. मला वाटलं, भ्रम झाला. आता कळलं. इथली गोळीसुद्धा गालात धरतील.

टेलर : सांगतो ना. गोळी घे बाबा म्हणून सांगतो.

वहिनी : तेवढ्याने नाही भागायचं. मास्क काढून विचारतील, मग तू का सोडलीस?

टेलर : काहीतरी सांगेन.

वहिनी : काहीतरी सांगूनच इथवर आलोय आपण. आणि चप्पल काढा बघू ती. पट्टा मांसात रुतलाय. तुम्हालाही दाखवून घेऊ.

टेलर : वहिनी, माझं ऐका. तो हसेल हो. जन्मभर हसेल मला.

वहिनी : हसायला श्वास लागतो, भावजी.