मी तसली डॉक्टर नाही

मी बाळकुमची. आता बाळकुम म्हटलं की लोक विचारतात कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये, तर मी कॉम्प्लेक्सची नाही, गावातली, आगऱ्यांची पोर, रेखा माझं नाव. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आजा पण तिथेच, आणि थोडी भातशेती, असं आमचं घर. बाप खोकून खोकून गेला, मी शाळेत होते, कोणी म्हणे टीबी, कोणी म्हणे दमा, कोणी म्हणे त्याला बाहेरचं लागलंय, शेवटपर्यंत नक्की काय ते कुणी सांगितलंच नाही. आणि खरं सांगू तुम्हाला, तेच माझ्या डोक्यात बसलं, की माणूस घरात मरतो आणि त्याला काय झालेलं ते घरालाच माहीत नसतं, असं कसं काय.

मग मिठागर बंद पडलं, शेत बिल्डरकडे गेलं, तिथे टॉवर आला, दादाला त्यात फ्लॅट मिळाले. मी तेव्हा एमए करत होते. दादा कागद घेऊन आला, म्हणाला सही कर, आपल्यात बहीण हिस्सा मागते का कधी, आणि घर तुझंच आहे गं, कधीही ये. मी केली सही. मला काही वाटलं पण नाही त्यावेळी, कारण मला पीएचडीचं वेड लागलेलं.

मुंबईत एका मोठ्या संस्थेत मॅडम होत्या, नाव नको घेऊया. त्यांचा विषय आरोग्य आणि विषमता, म्हणजे आजारी सगळेच पडतात पण मरतं कोण, हा विषय. परदेशात बोलवायचे त्यांना. हे काम असं असतं की आजारी माणसाच्या घरी जाऊन बसायचं, महिनोन्‌महिने, तो काय खातो, कोणाला काय सांगतो, काय लपवतो, सगळं बघायचं आणि मग लिहायचं, याला वैद्यकीय मानववंशशास्त्र म्हणतात. आमच्या वहिनीला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे सर्व्हेवाली. जाऊ दे. तर मॅडमनी मला मुलाखतीत विचारलं घरचे काय करतात, मी मिठागराचं सांगितलं, तर त्यांचे डोळे एकदम चमकले, म्हणाल्या तू लोकल आहेस, तुला दारं उघडतील. मला तेव्हा ते कौतुक वाटलेलं.

दारं उघडली, ते खरं. शीळफाट्याजवळ गोदामांच्या मागे एक पत्र्याची चाळ होती, तिथे मला मंदाताई भेटली. जालन्याकडची, गोदामात माल पॅक करायची. तिला टीबी झालेला, तो पण साध्या औषधांना दाद न देणारा. नवरा पोरीला घेऊन गावाला निघून गेला, आणि नुसता गेला नाही, जाताना हिची गोधडी दारातच जाळून गेला, चाळ सगळी बघत होती. मी जायला लागले तेव्हा त्या दाराशी अजून काळा डाग होता. गोळ्या अशा की घेतल्या की उलट्या, कानात सारखा आवाज, अंगाची कातडी काळी पडलेली, मी तिच्यासमोर मास्क लावून बसायची, ती बोलायची, मध्येच उठून मोरीत ओकायची, तोंड धुवून परत येऊन बसायची आणि म्हणायची, हं, कुठवर आलते मी? मी म्हणायची ताई राहू दे आज, तर म्हणायची नाय गं, तू इचारतीस म्हनून बोलते, नायतर मला बोलायला येतंय कोन.

मी हे सगळं मॅडमना नेऊन दाखवायची. एकदा त्या वाचता वाचता थांबल्या, चष्मा काढला, म्हणाल्या सोनं आहे हे, रेखा, सोनं. त्या दिवशी मंदाताईच्या पोटात पेज पण ठरलेली नव्हती.

पण वर्षाच्या आत तिची थुंकी निगेटिव्ह आली. गोळ्या अजून चालू होत्या, पण आता तिच्यापासून कोणाला धोका नव्हता, डॉक्टरांनी तसं सांगितलं, चाळीत पण मी घरोघर जाऊन सांगितलं. आणि त्याच सुमाराला मॅडमनी ठाण्यात एका मोठ्या हॉटेलात परिषद ठेवली, विषय टीबी आणि समाजाने वाळीत टाकणं. म्हणाल्या तिला घेऊन ये, लोकांना तिचा आवाज ऐकू दे. मंदाताईला केवढा आनंद झाला, लग्नातली साडी काढली, ब्लाउज ढगळ होत होता म्हणून शेजारणीकडून टाके घालून घेतले. स्टेजवर बसवलं तिला. लोक इंग्लिशमध्ये विचारायचे, मॅडम मराठीत सांगायच्या. एका बाईंनी विचारलं, नवरा सोडून गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं. ती म्हणाली वाईट वाटलं. सगळे थांबलेच, अजून काहीतरी येईल म्हणून. तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, आनखी काय वाटायचं असतं वो? हॉलभर टाळ्या.

मग जेवण. गोल टेबलं, पांढरी कापडं घातलेली, चिनी मातीच्या प्लेटा. मी तिला एका टेबलाशी बसवलं. तिथे आधीच चारपाच जण होते, सगळे प्राध्यापक, त्यातले एक सर तर सकाळीच वाळीत टाकण्यावर बोललेले, इतकं छान बोललेले की मी लिहून घेतलेलं. एकाला फोन आला. एक बाई म्हणाल्या एसीचा वारा लागतोय. ते सर म्हणाले जरा गोड बघून येतो, ते गोड बघायला गेले ते गेलेच. टेबलावर आम्ही दोघी. आणि मग वेटर आला, त्याच्या हातात थर्माकोलची प्लेट, प्लास्टिकचा चमचा, आख्ख्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाच्या हातात तशी प्लेट नव्हती. मी म्हटलं हे काय, तर तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, मॅडमने बोला है.

मंदाताईने त्या प्लेटकडे बघितलं, मग हॉलकडे बघितलं, आणि मला हळूच म्हणाली, इथं बी का गं?

चिडून नाही बोलली हो. चिडली असती तर बरं झालं असतं. आणि मग जेवली, सगळं संपवलं, सकाळपासून गोळ्यांवर होती ती. मी वेटरला म्हटलं मला पण असलीच आण.

सोमवारी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी नाकारलं नाही, तेवढं खरं. म्हणाल्या, लोक अस्वस्थ होत होते, मला सगळ्यांचा विचार करावा लागतो. मी म्हटलं तिची थुंकी निगेटिव्ह आहे, तुम्हाला माहीत आहे. तर म्हणाल्या, मला कळतं गं, पण लोकांना कोण समजावणार? मी बोलले, मॅडम, ते लोक म्हणजे तुम्हीच, हेच तर शिकवता तुम्ही. मग अगदी शांतपणे, प्रेमाने म्हणावं तसं म्हणाल्या, रेखा, तू फील्डमधून आलीस आणि फील्डमध्येच अडकलीस, संशोधकाला अंतर ठेवता यावं लागतं, ते तुझ्याच्याने होणार नाही, तुझा दोष नाही त्यात.

त्यानंतर माझ्या प्रबंधाचं एकही प्रकरण पास झालं नाही. भाषा कच्ची आहे, सिद्धांत नाही, परत लिही, परत लिही. फेलोशिप वाढवायला त्यांची सही लागायची, ती झाली नाही. तोंडाने कधी वाईट बोलल्या नाहीत, दिसलं की विचारायच्या, बरी आहेस ना?

मंदाताई मधल्या काळात गेली. आजार गेलेला पण फुप्फुसं राहिलीच नव्हती. नवऱ्याला कळवलं, तो आला नाही, पोरीला पाठवलं नाही, आम्ही चाळीतल्या बायकांनीच केलं सगळं. मी मॅडमना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, फार वाईट वाटलं, माझं नवं पुस्तक तिलाच अर्पण करते, नाव बदलून अर्थात. म्हणजे पहिल्या पानावर ती आहे, पण ती कोण ते कोणाला कळणार नाही. तिच्या पोरीने उद्या हातात घेतलं तरी.

आणि मग मला झाला. टीबीच, साधा, सहा महिन्यांचा. मी दादाकडे होते तेव्हा, आमच्याच शेतावरच्या टॉवरमध्ये. वहिनीने पहिल्या दिवशी माझं ताट वेगळं केलं, दुसऱ्या दिवशी माझा टॉवेल काठीने उचलला. दादा म्हणाला सोसायटीत कळलं तर काय उत्तर देऊ. मला वाटलं आई काहीतरी बोलेल, खोकणाऱ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन बसलेली बाई ती. आई दाराशी आली, आत नाही आली, पदर तोंडावर धरून म्हणाली, घरान बारकी पोरा हान, तू जा गो बाय. मी म्हटलं कुठे जाऊ? ती बोलली तू शिकलेली हायस.

टिटवाळ्याला खोली घेतली. तिथे एकटी पडून असायची, गोळ्या घ्यायची, मंदाताईसारखी ओकायची. एक दिवस मोबाइलवर मॅडमचं भाषण लागलं, कुठल्यातरी परदेशी विद्यापीठात, आणि त्या सांगत होत्या की माझी एक विद्यार्थिनी, मीठ वाहणाऱ्यांच्या घरातली, ज्या समाजाचा अभ्यास करत होती त्याच्याच आजाराने आजारी पडली, बघा, विषमता संशोधकालाही सोडत नाही. गळा भरून आलेला त्यांचा. आजारी पडल्याचं मी मेल करून कळवलेलं, तरी मला एक फोन केला नव्हता हो त्यांनी. एक फोन.

बरी झाले. कल्याणच्या एका सरांनी, रिटायर व्हायला आलेले, मला त्यांच्याकडे घेतलं, त्यांच्या हाताखाली पीएचडी झाली एकदाची. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. पोरांना विषमताच शिकवते. पोरं जांभया देतात, देऊ दे. आईला दादा फोन लावून देतो सणाला, ती रडते, मी ऐकून घेते, जात नाही.

दारावर पाटी लावली, डॉक्टर रेखा, ती हौस म्हणून, आणि तीच नडली. इथल्या टिटवाळ्याच्या चाळीतली माणसं एक्सरे घेऊन येतात. मी सांगते मी तसली डॉक्टर नाही, तर विचारतात मग कसली, आणि ते सांगायला मला अजून जमलेलं नाही. आत्ता तुम्ही यायच्या आधी एक आजी येऊन गेली, एकटीच राहते पलीकडच्या गल्लीत, पिशवीत एक्सरे. म्हणाली असू दे, तू बघ तर खरं. मी खिडकीत धरला. मला नीट वाचता येत नाही, पण इतकी वर्षं बघून डोळ्याला कळतंच की, सगळं पांढरं, मोकळी जागाच नव्हती कुठे. ती म्हणाली काय गं, हाय का काही? मी बोलले उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत. तर तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, म्हणाली, माझं आयुष्य तुला लागो बाय.

किती उरलंय तिचं, ते माझ्या हातात होतं, बघत होते मी. पण नको कसं म्हणायचं? मी वाकले, पाया पडले, घेतलं.