क्लेमची बाटली

...आणि वर मलाच कंजूस म्हणतात हो! तुम्हाला सांगतो, नायट्रो नावाच्या तेलावर चालणाऱ्या वीतभर रिमोटच्या गाडीचं मायलेज वाढवायला निघालेला अख्ख्या बंडाबर्ग गावात मी एकटाच. शर्यतीच्या क्लबातले हसतात, नेव्ह म्हातारा थेंब मोजतो म्हणतात... पण कशासाठी, ते कुणी विचारलं?

क्लेमसाठी. क्लेम म्हणजे माझा पिटमधला जोडीदार, साखर कारखान्यातला जुना फिटर. सोळा वर्षं मी मचाणावर उभा राहून रिमोट चालवणार, आणि गाडी तेलाला कडेच्या पिटमध्ये आली की हा खाली वाकून टाकी भरणार, तीन सेकंदांत, थेंब न सांडता... आणि यंदा त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणे, हे वाढतच जाणार. आता त्याला कसं सांगायचं, की बाबा, तू राहू दे? तुम्ही सांगितलं असतंत? मी मायलेज वाढवलं.

अर्ध्या तासाची शर्यत, टाकी आठ मिनिटांची, म्हणजे तीनदा भरणं आलं. तीच साडेदहा मिनिटं पुरली की दोनदाच! म्हणून कार्ब्युरेटरची सुई आवळली, हवेच्या तोंडाला बारीक कडी बसवली, दातेचाकं बदलली... तेल कमी गेलं की इंजिन तापतं, हे काय मला माहीत नव्हतं? क्लेम तर नुसत्या आवाजावरून म्हणाला, कोरडं ओरडतंय, सुई सोड. मी आपलं एकच, मायलेज, क्लेम, मायलेज.

फायनलला दोनदाच आत घेतली. दुसऱ्यांदा त्याने तेलाची बाटली दोन्ही हातांनी धरली. आणि चोविसाव्या मिनिटाला, ऐन सरळ पट्ट्यात, इंजिन जाम.

क्लेमने गाडी फडक्यात गुंडाळून आणली, शेजारी बसला.

"माझ्या हातांसाठी केलंस ना हे?"

"मायलेजसाठी," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी बघतो तर गडी रोवेनाच्या पिटमध्ये! दातांच्या दवाखान्यात काम करते ती, आणि गाडी अशी खादाड की सहा मिनिटांत टाकी खडखडीत. मी विचारलं, अरे, इथे कुठे? तर मला म्हणतो कसा,

"तुझ्याकडे मला कामच कुठे उरलं, नेव्ह? हिची चारदा भरावी लागते. हात आहेत तोवर भरून घेतो."

नवं इंजिन बसवलं, सुई पार मोकळी सोडली. आता माझी टाकी पाच मिनिटांत संपते हो... भरायला कुणी नाही.