म्हातारीचा सातचा मेल

...आणि वर साहेब मलाच म्हणतात, "तुमचं काय जातंय, एक बटण तर दाबायचंय!" एक बटण! अहो, तुम्हाला सांगतो, त्या बटणावर मी औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलं होतं, सफाईवाल्या मावशींचा फडका चुकूनसुद्धा लागू नये म्हणून!

सर्व्हर होता हो आमचा, जिन्याखालच्या खोलीत. सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. दिवसभर कुरकुर, पण अख्ख्या ऑफिसच्या फायली सांभाळायची. बसवली गुरुजींनी. गुरुजी म्हणजे माझ्या आधी मशिनी बघायचे ते, मला सगळं शिकवलं ते. काय माणूस! रिसेप्शनवाल्या बाई रडकुंडीला येऊन सांगायच्या, "स्क्रीन काळीठिक्कर पडलीय हो!" गुरुजी मान वर न करता, "बंद करून चालू करा." प्रिंटर कागद खातोय? "बंद करून चालू करा." माझं बायकोशी भांडण झालं म्हणून सल्ला विचारायला गेलो, तर... जाऊ द्या!

निवृत्त होताना त्यांनी म्हातारीला एक सवय लावून ठेवली. रोज सकाळी सातला त्यांच्या घरी मेल: 'सगळं ठीक आहे. डिस्क एवढे टक्के भरली.' बस्स! काकू गेल्यापासून घरात एकटेच. चहाचा कप हातात घेऊन तो मेल वाचायचे, मग दिवस सुरू. मला म्हणायचे, "अरे, कुणीतरी रोज सांगतंय ना, ठीक आहे म्हणून!"

आता सांगा, कसं दाबायचं ते बटण? पण नवे सर्व्हर आले भाड्याचे, कुठल्या गावात आहेत तेही कुणाला ठाऊक नाही... दाबलं. या वेळी 'चालू करा' नव्हतंच, नुसतंच बंद! पंखे थांबले. अठरा वर्षांत ती खोली पहिल्यांदा गप्प झाली, आणि मी, चांगला पन्नाशीचा बाप्या, स्टुलावर बसून रडलो हो!

दुसऱ्या दिवशी सात वाजले, राहवेना. म्हातारीच्या नावाने मीच मेल टाकला: 'सगळं ठीक आहे. डिस्क एकसष्ट टक्के भरली.' मग रोजच! बायको म्हणते, "सकाळी उठल्या उठल्या कुणाला लिहिता?" काय सांगू? एका म्हातारीतर्फे लिहितोय म्हणून?

तीन आठवडे निभावलं. मग गुरुजींचा फोन. "काय रे, ऑफिसात कुणी कामं करतं की नाही?"

"म्हणजे?"

"एकवीस दिवस डिस्क एकसष्टवरच? चालत्या मशीनची रोज थोडी तरी सरकते. गेली ना ती?"

अहो, आकडा वाढवायचाच राहिला! एवढी वर्षं याच धंद्यात काढली आणि रोज कालचाच मेल डकवत होतो! कबूल करून टाकलं सगळं. गुरुजी म्हणाले, "मेल थांबवू नकोस. फक्त आता तुझं लिही. आणि खरं लिही."

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, रोज सातला मी माझा रिपोर्ट देतो! परवा तापाने फणफणलो होतो. लिहिलं, 'ठीक नाही. ताप एकशे दोन. डोकं जड.' म्हटलं, माणूस हळहळेल, काढा सांगेल, निदान काळजी घे म्हणेल... दोन मिनिटांत उत्तर!

"बंद करून चालू कर."

काय करणार? पांघरूण ओढलं आणि झालो बंद.